सरपंचपतींच्या खुर्चीजवळचा नॉब

"नॉब माझ्या खुर्चीपाशी पाहिजे. आवाज पार बंद करता आला पाहिजे," दादाराव म्हणाले.

गावाच्या सरपंच त्यांच्या पत्नी होत्या. कारभार दादाराव बघायचे आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण वारंगा फाट्यावरचा माझा साउंडच्या दुरुस्तीचा गाळा त्यांच्या मेव्हण्याचा होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ग्रामपंचायतीने दोन पावर्ड स्पीकर घेतले होते. पावर्ड म्हणजे ज्याचा अँप्लिफायर स्पीकरच्या पेटीतच असतो. त्याचा आवाजाचा नॉब पाठीमागे असतो आणि पेट्या टांगल्या होत्या शाळेच्या भिंतीवर, पत्र्याखाली. शिडी लावल्याशिवाय हात पोचत नव्हता.

"माइकांचा मिक्सर माझ्याकडं राहतो. तुमी इशारा करा, मी कमी करतो," मी म्हणालो.

"चारचौघात तुला इशारे करत बसू का? काहून एवढं बोलून राहिला? जमते का सांग."

जमत होतं, आणि कशासाठी हवंय तेही मला कळत होतं. तांड्यासाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी दादारावांना स्वतःच्या प्लॉटांकडे न्यायची होती. तसा ठराव ग्रामसभेत यायचा होता. मागच्या सभेत तांड्यावरची जमनाबाई विरोधात बोलली, तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, "आवाज पोचला न्हाई." तिचा विरोध लिहिलाच गेला नाही. दिवसभर विहिरीच्या पायऱ्या उतरणाऱ्या बायांचं म्हणणं तारेतच कापायचं, ही या वेळची योजना होती.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. "ग्रामसभा जनतेची" हे वाक्य मी अक्षरं जुळवायला शिकलो तेव्हापासून वाचत आलो होतो. तरी त्या दिवशी मी मान हलवली. भीती पत्रकं वाचत नाही.

आता कामाचं सांगतो. मिक्सर आणि स्पीकर यांच्या मध्ये दोन प्रकारचे कंट्रोल बसवता येतात. एकाला वीज लागते, तो आवाज वाढवूही शकतो. तो नवख्याच्या हातात दिला की माइक शिट्ट्या मारतो. दुसरा पॅसिव्ह. त्याला वीज लागत नाही. पत्र्याची डबी, आत एक पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर. नळाच्या तोटीसारखा. पाइपात आहे त्यापेक्षा जास्त पाणी तोटी देत नाही, फक्त अडवते. खुर्चीपासून स्पीकरपर्यंत वायर लांब जाणार होती, म्हणून मी कमी रेझिस्टन्सचा, दहा के ओहमचा पॉट निवडला. तिथे जास्त रेझिस्टन्सचा टाकला तर लांब वायरीत आवाजाची धार मरते. स, च, ट ओळखू येत नाहीत, बोलणारा तोंडात घास धरून बोलतोय असं वाटतं.

पॉटचं एक टोक अर्थिंगला जोडतात. नॉब शेवटपर्यंत फिरवला की सगळा आवाज तिकडे जातो आणि स्पीकर गप्प होतो. त्या टोकाला सोल्डरिंग गन लावली आणि माझा हात थांबला. शेवटी तिथे मी आणखी एक छोटा रेझिस्टर टाकला. त्यामुळे आवाज खूप कमी होणार होता, पण बंद होणार नव्हता. मग डबीचे स्क्रू आवळले.

सभेच्या सकाळी दादाराव डबी तपासायला आले. मी माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलो. त्यांनी नॉब फिरवला, आवाज पडला. निम्म्यावर त्यांचा हात थांबला.

"बराबर हाय," ते म्हणाले. आणखी फिरवला असता तर माझं तिथेच संपलं असतं.

सभा भरली. दादारावांचा पुतण्या माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वळून पाहिलं नाही. ठराव वाचला गेला. खाली लांब, तांड्याची माणसं बसली होती तिथल्या माइकपाशी जमनाबाई उठली.

"टाकी आमच्या तांड्याची हाय," ती म्हणाली.

दादारावांचा हात नॉबवर गेला. आवाज पडत गेला. आणखी पडला. मग अगदी बारीक झाला आणि तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा नॉब पिळला. तो शेवटाला टेकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वायर उपट," पुतण्या कानाशी म्हणाला.

"चालू लाइनीतून वायर उपटली तर स्पीकरमधून धडाका होतो. सगळे इकडंच पाहतील."

हे खरं होतं. त्याने हात मागे घेतला.

तोवर एक गोष्ट झाली जी मी कुठल्याही डबीत घातली नव्हती. आवाज बारीक झाला तशी माणसं बोलायची थांबली. मागे विडी ओढणारा एक म्हातारा म्हणाला, "गप बसा बे. बाई काय म्हणून राहिली ते ऐकू द्या." सभा इतकी शांत झाली की तो बारीक आवाज पुरला.

"इहिरीत उतरता उतरता सुना पडून राहिल्या आमच्या. ह्यो ठराव आमाला मंजूर न्हाई. लिवा तसं."

ती तिथेच थांबली नाही. "भाऊसाहेब, ऐकू आलं का आज?"

ग्रामसेवकांनी दादारावांकडे पाहिलं, मग सभेकडे. "व्हय. आलं," ते म्हणाले आणि लिहिलं. ठरावाच्या विरोधात हात वर झाले. तांड्याचे आधी, मग गावातलेही बरेच. ठराव पडला.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा दादाराव डबी घेऊन आले.

"खराब माल दिला का?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो.

"न्हाई. तसाच बनवलाय. बंद होणारा मला बनवायचा नव्हता."

ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. डबी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "गाळा रिकामा कर."

केला. आता दुकान आखाडा बाळापूरला आहे. टाकी तांड्यावर झाली. पुढच्या ग्रामसभेला दादारावांनी दुसऱ्याकडून बटण दाबलं की बंद होणारा माइक आणला म्हणे. बोलणाऱ्याचा आवाज बंद करायला एवढ्या विद्येची गरज नसतेच. तेव्हापासून कोणी व्हॉल्यूम कंट्रोल मागायला आलं, की स्पीकर कोणता हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, नॉब कोणाच्या हाताशी राहणार?