आत्याचा षड्ज

बँकेच्या बदलीवर मी कोलकात्याला आले आणि तबकड्यांच्या नादाला लागले. सियालदहच्या बाजूला जुन्या सामानाच्या दुकानांतून धुळीनं माखलेल्या रेकॉर्ड उचलायच्या, बालीगंजच्या फ्लॅटवर आणून साबणाच्या पाण्यानं धुवायच्या, इथल्या दमट हवेनं धरलेली बुरशी मऊ ब्रशनं काढायची आणि भांड्यांच्या रॅकवर ताटांशेजारी वाळत ठेवायच्या. ख्याल, ठुमरी, सतार, सरोद, मिळेल ते. या नादापायी मी बढतीसुद्धा सोडली, कारण बढती म्हणजे पुन्हा बदली. बँकेत सगळ्यांनी वेड्यात काढलं. काढोत बापडे. आज इथले मुरलेले शौकीन एखाद्या तबकडीबद्दल शंका आली की मला फोन करतात, आणि याचा मला भरपूर अभिमान आहे.

पण ज्या तबकडीचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे, ती मी शोधून आणलेली नाही. ती माझ्या आत्याची. तरुणपणी एका छोट्या कंपनीनं तिचा यमन ध्वनिमुद्रित केला होता. साथीला पेटीवर माझे बाबा, तिचे थोरले भाऊ. कंपनी लवकरच बंद पडली आणि आमच्या घरात एकच प्रत राहिली. त्या प्रतीत आत्यानं लांबवलेला षड्ज हेलकावे खातो. "बाईसाहेबांचा सा झोपाळ्यावर बसलाय," असं बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे. आत्या हसायची. मात्र हळूहळू तिनं मैफलींना नकार द्यायला सुरुवात केली आणि शाळेतल्या मुलींना प्रार्थना शिकवण्यात सगळी नोकरी काढली.

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा ती तबकडी कपड्यांच्या घडीत घालून घेऊन आले. एका रविवारी मी ती आमच्या बैठकीला नेली.

ही बैठक एका बंगाली गृहस्थांच्या घरी भरते. खिदिरपूरच्या गोदीत कस्टमची नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्यातले सर्वांत जुने संग्राहक. नियम एकच: सुई खाली असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि सुई उचलली की मनात असेल ते भीड न ठेवता बोलायचं. मी आत्याचा यमन लावला. संपल्यावर गृहस्थ हळूच म्हणाले, "दीदी, गला बहुत अच्छा है, लेकिन सुर थोडा हिलता है।"

बाबा जन्मभर तेच म्हणत आले होते. पण घरच्यानं म्हणणं वेगळं आणि परक्यानं म्हणणं वेगळं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "फिर से सुनिए," म्हणत मी तबकडी पुन्हा लावली आणि कुणाचं तोंड बघायला नको म्हणून तिच्याकडेच टक लावून बसले. तेव्हा दिसलं. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला सुईचा दांडा एकदा आत, एकदा बाहेर झुलत होता. मी कान टवकारले, तर आत्याच्या गळ्याबरोबर पेटीही हलत होती. नियम गेला खड्ड्यात. "हार्मोनियम सुनिए, हार्मोनियम!" मी ओरडले. गृहस्थ उठले, वाकून बघितलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तबकडीचं मधलं भोक मध्यावर पडलेलंच नव्हतं, म्हणून प्रत्येक फेऱ्याला सूर वरखाली होत होता. हा दोष आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा; पण एकदा गळ्यावर ठपका ठेवला की तबकडीकडे कोण बघतो?

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "बाबा, या रेकॉर्डमध्ये तुमची पेटी हलते."

"पेटी कशी हलेल? पेटीचे सूर पक्के असतात, एवढंही कळत नाही?" ते खेकसले. मग स्वतःच म्हटलेलं त्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं त्यांनी दोष शोधला तो बहिणीच्या गळ्यात. सोबत हलणारी पेटी त्यांचीच होती, ती कधी ऐकलीच नाही.

उपाय होता. गोल कानशीनं भोक मोठं करायचं आणि सुईचा दांडा स्थिर होईपर्यंत तबकडी बोटानं सरकवत राहायचं. पण प्रत एकच. कानस घसरून रेघांवर गेली असती तर आत्याचं गाणं कायमचं गेलं असतं. गृहस्थ म्हणाले, मी करून देतो. मी नको म्हटलं. ठपका आमच्या घरानं ठेवला होता, तो आमच्याच घरानं पुसायला हवा होता. बाबांनी तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरली, मी कानस चालवली. वर्तमानपत्रावर काळा भुगा पडत होता.

मग तबकडी प्लेयरच्या थाळीवर ठेवली, सरकवली, पुन्हा सरकवली. दांडा झुलायचा थांबला. सा लागला आणि लागलेलाच राहिला, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. मला रडूच फुटलं. अशा गळ्याची मी भाची आहे!

"तिला फोन लाव," बाबा म्हणाले.

आत्या सांगलीला असते. फोन स्पीकरपाशी धरून तिला सगळा यमन ऐकवला. भोकाची हकिकत सांगितली. बाबा फोनमध्ये म्हणाले, "चुकलो गं मी."

"तुझ्या चेष्टेचं मला काही नव्हतं रे दादा," आत्या म्हणाली. "स्टुडिओत मला माझा सा सरळ लागल्यासारखा वाटला होता. मग ही तबकडी आली. मी ऐकली आणि वाटलं, आपला कानच खोटा. कान खोटा असलेल्या बाईनं चार लोकांत गायचं कसं?"

आणि मग आत्यानं फोनवरच सा लावला. वयानं घोगरा झालेला, दमाला आखूड, पण जागचा हलला नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले, आणि आत्यानं पुन्हा सा लावला.