पोटऱ्या मऊ होत्या

अमेरिकेतल्या प्लेनोच्या त्या व्यावसायिक सॉकर क्लबाच्या माहितीपत्रकात शैलजा मेश्राम दुसऱ्याच पानावर झळकते. ‘आमचं वैविध्य’ असा मथळा, हसरा चेहरा आणि हातात पाण्याची बाटली. त्यातली बाटली तेवढी खरी. नागपुरात शिकलेली फिजिओथेरपिस्ट, इथल्या परीक्षा पुन्हा देऊन पास झालेली बाई, आणि क्लबानं तिला दोन वर्षं पट्ट्या बांधायला नि बाटल्या भरायला ठेवलं होतं. तिचं मत विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या ऑगस्टच्या सकाळी खेळाडूंच्या दमाची चाचणी होती. नऊ वाजताच मैदान तापलेलं. ग्रीसहून महिन्याभरापूर्वी आलेला निकोस, गोरापान आणि काटक, दहाव्या फेरीला मागे पडला. बाराव्या फेरीला गुडघ्यांवर बसला आणि मग आडवाच झाला.

“ऊठ!” प्रशिक्षक हॉलिस ओरडले. “पायात गोळे आलेत, चाललास की मोकळे होतील.”

शैलजा धावली. तिनं त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. गोळा आला की स्नायू दगडासारखा होतो, माणूस विव्हळतो. निकोस विव्हळत नव्हता. “पायात जीवच नाही,” एवढंच पुटपुटला. पोटऱ्या मऊ होत्या.

अशाच मऊ पोटऱ्या तिनं एकदा हातात धरल्या होत्या. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावताना तिचा धाकटा भाऊ संग्राम असाच बसला होता. नाटकं करतोय म्हणत लोक त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिले, आणि तो गेला. नंतर कळलं, सिकलसेल. तो नुसता वाहक होता, एरवी ठणठणीत. पण अशा माणसाची अति दमछाक झाली की रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, नसा तुंबतात. विदर्भात हा शब्द घरोघरी माहीत आहे.

“ऑक्सिजन आणा! ॲम्ब्युलन्स बोलवा, सिकलसेल असू शकतं.”

हॉलिस चक्क हसले. “तो काळ्यांचा आजार. म्हणून तर याची टेस्ट केली नाही. तू बाटल्या बघ. उगाच ॲम्ब्युलन्स बोलावलीस तर उद्यापासून येऊ नकोस.”

तिचा व्हिसा याच नोकरीवर होता. नोकरी गेली की दोन महिन्यांत सामान बांधायचं. हे सगळं तिला त्या क्षणी आठवलं, आठवणारच. तरी तिनं फोन लावला.

ऑक्सिजनचं सिलिंडर तोवर आलं होतं. ते घानाच्या गोलकीपर कोफीनं आणलं होतं, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याच्या बहिणीला हाच आजार होता. शैलजानं निकोसला मास्क लावला, दोघांनी त्याला सावलीत ओढलं. निकोसचे डोळे मिटू लागले. ती त्याला हाका मारत राहिली, आणि एकदा तिच्या तोंडून चुकून ‘संग्राम’ निघालं.

ॲम्ब्युलन्सला यायला अकरा मिनिटं लागली.

दुपारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिकलसेलचाच वाहक. ग्रीसमध्येही काही भागांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. अजून चालवलं असतं तर हाती लागला नसता. आता धोका टळला होता.

शैलजा कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसली. शेजारी हॉलिस येऊन बसले.

“पण तो काळा नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

“माझा भाऊही नव्हता.”

“त्यालाही आहे? कसा आहे तो आता?”

“तुम्ही सकाळी निकोसला ‘ऊठ’ म्हणालात ना,” शैलजा म्हणाली, “त्यालाही तेच सांगितलं होतं.”