सांबराचा रोग आणि दावणीचे बैल

गुरांची डॉक्टरी शिकायला मुंबईला गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. घरी मिठागराचे काम, थोडे भात आणि एक बैलजोडी. सुट्टीत माजिवड्याला आलो की शेजारचे काका ओरडत, "ढोरांचा दागदर आला रं! आमचे म्हशीला जीभ दाखवाला सांग."

एका वर्षी गावामागच्या डोंगरात सांबरे मरू लागली. आमच्या प्राध्यापक साहेबांनी मला तपासायला पाठवले. मी वडिलांना आधीच निरोप धाडला की बैल डोंगराकडे नेऊ नका, दावणीलाच ठेवा. त्यांनी ऐकले. माझे ऐकण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

ओहोळाकाठी मेलेले सांबर मी चिरले. दुर्गंधी सुटली होती, म्हणून उपरणे नाकाला बांधले. मध्येमध्ये हातही त्यालाच पुसले. तोंडात फोड, आतड्यावर लाल पट्टे. गुरांना झपाट्याने लागणारी, जीवघेणी बुळकांडी रानातल्या जनावरांत! मला आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते. हात औषधाने धुतले. उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि घरी गेलो.

बाहेरगावाहून आलेल्या पुरुषाने आधी बैलांची तोंडे आपल्या उपरण्याने पुसायची, ही आमच्या घरची रीत. आई ओट्यावरूनच म्हणाली, "आदी बैलांना भेट, मंग घरान ये."

मी भेटलो. दोघांची तोंडे नीट, मायेने पुसली.

पंधरवड्याच्या आत दोन्ही बैल गेले. तोवर गावात दुसरे एकही जनावर आजारी नव्हते.

साहेबांनी अहवाल मागवला. रोग पाळीव गुरांपर्यंत कसा आला, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. मग लिहिले, "बहुधा डोंगरातल्या पाणवठ्यावरून." साहेब खूश झाले. पुढे त्याच अहवालावर मला संशोधनाची जागा मिळाली. रानातल्या जनावरांचे रोग हा माझा जन्माचा विषय झाला.

वडिलांना वाचता येत नव्हते. एकदा म्हणाले, "काय लिवलास ता वाचून दाखव." इंग्रजीतला मजकूर मी मराठीत सांगत गेलो. पाणवठ्याच्या वाक्याशी त्यांनी मला थांबवले.

"पन आपले बैल तं दावनीलाच व्हते ना रं?"

मी पान उलटले आणि पुढचे वाचू लागलो.