यजमान बसत नाही

घराच्या संताच्या दिवशी आम्ही सर्ब लोक कुणाला बोलावणं धाडत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि यजमान दिवसभर उभा राहून वाढतो.

माझ्या नवऱ्याचा, वितोमिरचा, जुना मित्र रान्को दरवर्षी पहिला यायचा. मग वितोमिर सरकारच्या सभेला गेला, रान्को विरोधकांच्या मोर्चाला, आणि भर बाजारात दोघांनी एकमेकांची अब्रू काढली. तेव्हापासून रान्कोने आमचा उंबरा ओलांडला नाही. हट्टी मेले दोघंही.

यंदा दार उघडलं, तर समोर रान्को. जेवणाऱ्यांचे हात थांबले. आल्यागेल्याला आधी द्यायचं उकडलेल्या गव्हाचं ताट वितोमिरने पुढे केलं.

"माझं मत बदललेलं नाही," रान्को म्हणाला.

"मी विचारलं का? चमचाभर घे."

रान्कोने गहू तोंडात टाकला. त्याची नजर वितोमिरच्या सुजलेल्या गुडघ्यावर होती.

"बस की जरा."

"यजमान बसत नाही. विसरलास वाटतं."

मी रान्कोसाठी खुर्ची ओढली. त्याने ती मागे सारली, दारूची बाटली उचलली आणि वितोमिरच्या शेजारी उभा राहून पाहुण्यांचे पेले भरू लागला.

संध्याकाळी संतापुढची मेणबत्ती विझेपर्यंत दोघं सरकारवरून भांडत होते. बसलं मात्र कुणी नाही.