तात्यांच्या ट्रकमधले एलईडी

माझे सासरे एक नंबरचे खोटारडे होते.

तात्यांना जाऊन आज वर्ष झालं. वर्षश्राद्धाचं जेवण आटोपलंय, पाहुणे पांगलेत, आता लिहायला हरकत नाही.

आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवला. सीझनला कारखान्याचा ऊस, एरवी शेळगावातून इंदापूरच्या मार्केटला भाजी. ट्रक जुनाच, पण नवी सून म्हणून माझे झाले नसतील एवढे त्याचे लाड.

मग कधीतरी ट्रकवर ओरखडे दिसायला लागले. गोठ्याचा खांब घासला, तर तात्या म्हणाले खांबच वाकडा रोवलाय. एकदा डिझेल संपून गाडी रस्त्यात उभी राहिली, तर म्हणाले डॅशबोर्डचे बल्ब मेलेत, काटे दिसणार कसे?

माझा नवरा संजय चावी काढून घ्यायच्या गोष्टी करायला लागला. सासूबाई रोज डोळे तपासा म्हणून मागे लागलेल्या. घरात नुसती धुसफूस.

मी मात्र तात्यांच्या पार्टीत. बल्ब खरोखरच मिणमिणते होते. आणि मी बारामतीला आयटीआय केलेली, इलेक्ट्रिशियन ट्रेड. "आमची सून वायरमन हाय," हे तात्यांनी गावात सगळ्यांना सांगून झालेलं. बल्ब बदलले की भांडण मिटेल, असा माझा सरळ हिशोब.

चोवीस व्होल्टचे एलईडी ऑनलाइन मागवले.

रविवारी दिवेलागणीला शेडमध्ये मीटरचं पॅनेल बाहेर ओढलं आणि एकेक बल्ब बदलला. दोन लागेनात. एलईडीला प्लस-मायनस असतं, उलटे फिरवून बसवले आणि लागले. तात्या मोबाईलचा टॉर्च धरून शेजारी उभे होते. उजेड माझ्या हातावर सोडून भलतीकडेच. मी वैतागलेसुद्धा.

पण पॅनेल सोनाराच्या दुकानासारखं लखलखलं. तात्या ऐटीत चढून सीटवर बसले, चावी फिरवली.

मी दारातून विचारलं, "डिझेल किती दाखवतंय, तात्या?"

"हाय की बक्कळ."

काटा तळाला टेकला होता. मला खालून दिसत होता.

तात्यांनी मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं, सावकाश, इकडून तिकडे. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"समद्या लाइटी लागल्यात का गं?"

"व्हय तात्या. समद्या लागल्यात."

त्यांनी स्वतःच चावी बंद केली. स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

मग म्हणाले, घरात बोलू नको. मी म्हटलं नाही बोलत, पण उद्या माझ्याबरोबर इंदापूरला यायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरी सांगितलं की फ्यूज आणायला चाललोय.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची निम्मी. डॉक्टर म्हणाले, गेली ती परत येणार नाही, रोज ड्रॉप्स घातले तर उरलेली टिकेल. आणि ट्रक बंद.

येताना एसटीत घरी काय थाप मारायची ते मी जुळवत होते. त्यांना कुणी घालूनपाडून बोलू नये, एवढंच डोक्यात.

जेवायला बसल्यावर ते आपणहून बोलले.

"लाईट झ्याक लागलीया. मलाच दिसत न्हाय. उद्यापास्नं गाडी संजू नेईल."

संजय खाली मान घालून जेवत राहिला. सासूबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि आत जाऊन रडल्या.

ज्या कामावर सगळी ओळख, ते काम असं एका वाक्यात सोडून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला फार अभिमान वाटला त्यांचा. अजूनही वाटतो.

ड्रॉप्स मीच घालायचे, रोज झोपायच्या आधी. त्यांनी कधी कंटाळा केला नाही, मीही नाही. उरलेली नजर शेवटपर्यंत टिकली.

माझी मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन ते खिडकीपाशी उजेडात बसले. मान तिरकी करून, जिथून दिसतं तिथून बघत राहिले.

"नाक तुझं घेतलंय गं हिनं," म्हणाले. "आमचं न्हाय."

माझंच आहे. त्यांना दिसलं.

तात्या, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.