काकाजींचा लाल चष्मा

काकाजी भर दुपारी बालाघाटच्या बाजारात लाल काचांचा चष्मा लावून फिरायचे. डोळे आलेत का, असं कुणी विचारलं की त्यांना फार आनंद व्हायचा. मग एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत पडदा दिसायचा तर डोळे आधीपासून कसे तयार ठेवावे लागतात, यावर भर रस्त्यात प्रवचन. आमचे डॉक्टरसाहेब तसलाच चष्मा खोलीत शिरण्याआधी अर्धा तास लावत. काकाजींचे डोळे बहुधा राजघराण्यातले, त्यांना सकाळच्या चहापासून तयारी लागे. त्या चष्म्यातून जगातली प्रत्येक भाजी पिकलेली दिसे. दर बाजाराला घरी कच्चे टमाटे यायचे आणि काकू ते परत करायला जायच्या.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. मी डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात नर्स, काकाजी यंत्र चालवणारे. रोग्याला पडद्यामागे उभं करायचं आणि खटका दाबायचा. न दिसणारे किरण छातीतून आरपार जाऊन पडद्यावर आदळले की त्याच्यावरचा लेप हिरवट उजळायचा आणि बरगड्या काळ्या उमटायच्या. यात काकाजींचं कर्तृत्व खटक्यापुरतं. पण तिरोडीच्या खाणीतला खोकणारा मजूर असो की किरनापूरचा पाटील, ते "सांस रोको" अशा काही आवाजात म्हणत, की "छोडो" ऐकू येईपर्यंत माणूस जीव सोडेल पण श्वास सोडणार नाही.

रोज सकाळी, पहिला रोगी यायच्या आधी, ते स्वतःचा उजवा हात पडद्यामागे धरायचे आणि हाडं नीट दिसेपर्यंत यंत्र जुळवत बसायचे. डॉक्टरसाहेबांनी हाताऐवजी पडद्यामागे धरायला चाव्यांचा जुडगा दिला, या किरणांनी हात जळतो अशी ताकीदही दिली. काकाजींनी तो जुडगा मोठ्या आदरानं खिळ्याला टांगला. पुढे दोन बोटांची कातडी काळी पडून चिरली, जखम भरेना. विचारलं तर म्हणायचे, तंबाखूचा चुना लागला. चुन्यानं बोटं जात असती तर आमचा निम्मा जिल्हा थोटा झाला असता.

लेकरांना, म्हाताऱ्यांना धरून उभं राहायला मी आत असे. एके दिवशी काकाजींनी मला दारातच अडवलं.

"तुमी भायेर बसा, बाई. तुमाले अंधारात काई सुधरत नाई."

पाच रोग्यांदेखत! आदल्या दिवशी माझ्या हातून एक वाटी पडली होती, तेवढंच निमित्त. डॉक्टरसाहेबांकडे तक्रार केली, तर त्यांनी काकाजींचीच री ओढली. मी महिनाभर त्या माणसाशी बोलले नाही. बाहेर बसून नावं लिहायचे, आणि माझ्या वाटचं रोगी धरायचं काम तो शहाणा स्वतः करायचा, त्याच सडक्या हातानं. त्या दिवसांत मला सकाळी उलट्या व्हायच्या. दिवस गेल्याचं मी अजून घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. नळावर वाकलेली मी लाल चष्म्याआडून त्यांना दिसले असेन, हे माझ्या डोक्यात शिरायला पोट दिसू लागावं लागलं.

तोवर जखम चिघळली होती. नागपूरला नेऊन दोन बोटं कापली. काकाजी परत आल्यावर डॉक्टरसाहेब त्यांच्यावर चिडले, चाव्या कशाला दिल्या होत्या म्हणाले.

"चाब्या लोखंडाच्या, साहेब," काकाजी म्हणाले. "हाडामासाचा अंदाज त्याच्यावर कसा येईन? माणूस उभा करून मी जुळवत बसलो, तं तेवढा येळ ते किरन त्याले सोसा लागते."

मला रडू आवरेना. इतका हट्टी, मूर्ख माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि इतका चांगलाही नाही.

माझी मुलगी बारा दिवसांची होती तेव्हा काकाजी घरी आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. हातात टमाट्यांची पिशवी होती, आणि टमाटे चक्क पिकलेले होते. पाळण्यावर वाकून त्यांनी डाव्या हातानं दुपटं सोडलं आणि पोरीची बोटं मोजू लागले. हातांची मोजली, पायांची मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"पुरी आहेत," ते म्हणाले आणि उजवा हात खिशात घातला. जाताना दारात थांबले.

"कामावर या आता, बाई. पन त्या खोलीत पाय ठेवाचा नाई."

मी हौ म्हटलं.