पाठीला हात लावायचा नाही

माझ्या सासूबाई तुळशीबाई म्हणजे कडक काम. कात्रपला घरीच तांदळाच्या भाकऱ्या करून विकतात, आणि गिऱ्हाईकानं नाक मुरडलं की भाकरी परत घेऊन वर चार शब्द ऐकवतात. कमरेचा मणका सरकून उभं राहणंच बंद झालं, तेव्हा सगळं गणगोत सांगत होतं, पाठीचं ऑपरेशन करू नका, माणूस कायमचा आडवा होतो. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता काय मी नाचतेय?" आणि झाल्या ॲडमिट.

डॉक्टरांनी मणक्यात स्क्रू बसवले आणि जखम शिवायच्या आधी आत अँटिबायोटिकची पावडर टाकली. घरी सोडताना नीट समजावलं, "जंतू स्क्रूपर्यंत गेले तर सगळं परत उघडावं लागेल, म्हणून पावडर टाकलीय. तरी पट्टी कोरडी ठेवा, तुम्ही उघडू नका. ताप आला, पट्टी ओली झाली, तर लगेच या."

घोळ झाला तो त्या पावडरीनंच. आमच्याकडे कुणाला नुसतं खरचटलं तरी कॅप्सूल फोडून आतली पूड जखमेवर भुरभुरतात. सासूबाईंची मोठी नणंद, मोतीबाई आत्या, बघायला आल्या त्या पर्समध्ये दोन कॅप्सूल घेऊनच.

"डॉक्टरनं आतून टाकली, आपण वरून टाकू. डबल काम होईल. तेजस्वी, पट्टी सोड गं."

मी नवी सून, आत्यांना काय बोलणार? कुशीवर झोपलेल्या सासूबाई दात आवळून सरळ पाठीवर झाल्या.

"ताई, चहा घ्या, जेवा, चार दिवस राहा. पाठीला हात लावायचा नाही."

"मी काय तुझी वैरीण आहे?"

"नाही. म्हणून तर तोंडानं सांगतेय."

आत्या फणकाऱ्यानं बाहेर जाऊन बसल्या. मला मात्र मनातून जाम आवडलं.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी सासूबाईंचं अंग तापलं, पट्टीला ओल दिसली. आता माझे सासरे, अनंतराव, उलट्या बाजूनं सुरू झाले. "अगं, आत पावडर आहे ना, काय होत नाय. सोमवारी दाखवायला जायचंच आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. सासूबाई भिंतीला धरून उठल्या.

"पावडर म्हणजे काय देव बसवलाय का आत? रिक्षा बोलवा. नाहीतर मी अंबरनाथपर्यंत चालत निघते."

सासऱ्यांना मी पहिल्यांदाच पळताना पाहिलं.

अंबरनाथ पश्चिमेच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी काढली. जखमेच्या एका टोकाला कातडीखाली पाणी साचलं होतं. त्यांनी ते साफ केलं, तपासायला पाठवलं, औषध सुरू केलं, दोन दिवस ठेवून घेतलं. आत स्क्रूपर्यंत काही पोचलं नव्हतं. "सोमवारपर्यंत थांबला असता तर परत ऑपरेशन टेबलावरच घ्यावं लागलं असतं," ते म्हणाले. सासऱ्यांनी मान खाली घातली. बरं झालं, म्हटलं मी मनात.

दोन दिवसांनी रिक्षानं घरी निघालो. कात्रपचा चढ लागला तेव्हा सासरे हळूच म्हणाले, "तुला भीती कशी नाय वाटत गं कशाची?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, आवाज तोच.

"भीतीनं मेले होते मी. म्हणून काय गप्प बसायचं?"